वयाची वरची अट

माणसाचं तोंड न बघता त्याच्या तोंडात काय चाललंय हे सांगणारी बाई साऱ्या हैदराबादेत एकच होती, आणि ती माझी धाकटी मावशी होती. डॉक्टर जीभ बाहेर काढायला लावतात, वैद्य नाडी धरून डोळे मिटतात. मावशीला माणसाने "जरा सोलापूर द्या" एवढं म्हटलेलं पुरायचं. त्यातल्या 'स'वरून ती समोरचे दोन दात ओळखायची, 'ल'वरून जीभ कुठे ठेचकाळते ते ओळखायची आणि 'द्या' कसं निघालं त्यावरून माणूस कुठल्या बाजूने जेवतो ते सांगायची. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण ती माझी नाही, तिची आहे. आणि दहापैकी आठ वेळा ती खरी निघायची, याला आमचं अख्खं जामबाग साक्षीदार आहे.

मावशी ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तेव्हा परगावी फोन करायचा म्हणजे आधी एक्स्चेंजला नंबर द्यायचा आणि मग कॉल लागेपर्यंत अर्धा दिवस फोनपाशी देव राखल्यासारखं बसून राहायचं. एकोणिसाव्या वर्षी कानाला हेडफोन लागला तो पंधरा वर्षं उतरला नाही. मराठी, तेलुगू, दखनी उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांत ती दिवसभर लोकांना "लाइन बिझी आहे" असं सांगायची, आणि चारही भाषांत लोक तिच्यावर ओरडायचे. नोकरीने तिला दोन सवयी लावल्या. पहिली म्हणजे दर तीन मिनिटांनी संभाषण तोडायची. कॉल तीन मिनिटांचा असायचा, पुढे वाढवायचा तर ऑपरेटर मध्ये येऊन विचारायची. मावशी हे घरीही विचारायची. आई भाजीवाल्याशी घासाघीस करत असली की मागून आवाज यायचा, "थ्री मिनिट्स. वाढवायचं का?" एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी आम्ही भेटायला गेलो होतो. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते. बाई रडत रडत आजारपणाची हकिकत सांगत होत्या आणि मावशीच्या तोंडून सवयीने गेलं, "तीन मिनिटं झाली." आईने तिला असा चिमटा काढला की त्याचा वळ दोन दिवस होता. पण त्या बाई एकदम थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खरं आहे बाई, किती वेळ रडायचं? चहा ठेवते."

दुसरी सवय दातांची. अफझलगंजमधले एक धान्याचे व्यापारी रोज लातूरला फोन लावायचे. एके दिवशी त्यांनी नंबर सांगितला आणि मावशी म्हणाली, "शेठ, तीन दिवस झाले, तुमचा 'त' नीट येत नाहीये. वरच्या दाताच्या मुळाशी गळू झालंय का बघा." शेठ म्हणाले, "बाई, तुम्ही लातूर द्या की." चौथ्या दिवशी त्यांचा फोनच आला नाही. आठव्या दिवशी ते स्वतः सीताफळांची टोपली घेऊन एक्स्चेंजच्या दारात उभे. "ती दातवाली बाई कोण आहे? तिच्या पाया पडायचंय." सीताफळं सगळ्या पोरींनी खाल्ली आणि मावशीला मिळाला मेमो. कर्मचाऱ्यांनी वर्गणीदारांशी त्यांच्या दातांसंबंधी बोलू नये, असा सरकारी इंग्रजीत ताकीदवजा हुकूम होता. खात्याच्या इतिहासात असा मेमो दुसरा निघाला नसेल. मावशीने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि दुसऱ्या दिवसापासून दातांविषयी फक्त दखनीत बोलायला लागली, कारण वरच्या साहेबांना दखनी येत नव्हती.

तिचं लग्न का झालं नाही याची अनेक कारणं सांगितली जात. मला पटणारं कारण असं, की पाहायला आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी "मुलीला स्वयंपाक येतो का?" असं विचारलं, तेव्हा मावशीने चहाचा ट्रे ठेवत सांगितलं, "येतो. पण तुम्ही थोडे दिवस मऊच खा. खालची उजवी दाढ किडलीय तुमची." मंडळी चहा अर्धा टाकून उठली. पंधरा दिवसांनी तेच गृहस्थ गालाला मफलर गुंडाळून एकटेच आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बरा डेंटिस्ट कुठे मिळेल हो?" मावशी त्यांना घेऊन आबिड्सला गेली, दाढ काढून होईपर्यंत बाहेर थांबली, आणि परत येऊन आम्हांला त्या दाढेला तीन मुळं कशी होती ते हातवारे करून सांगितलं. एरवी खालच्या दाढेला दोनच असतात म्हणे. आजोबा म्हणाले, "लोकांच्या मुली नवरा आणतात, हिने सासऱ्याची दाढ आणली."

आजोबा म्हणजे आईचे आणि मावशीचे वडील. आम्ही खाली राहायचो, ते आणि मावशी वर. निजामाच्या अमलात कोर्टात कारकून म्हणून चिकटले आणि राज्य बदलून गेलं तरी खुर्ची न बदलता शिरस्तेदार होऊन निवृत्त झाले. त्यांच्या मराठीत दरख्वास्त, तामिली, मोहलत असले शब्द अजून कामावर हजर असायचे. नोकरी म्हणजे सरकारी, बाकीचे सगळे पोटापाण्याचे उद्योग, असं त्यांचं शास्त्र होतं. धाकट्या मुलीची नोकरी सरकारी होती म्हणून तिचे सगळे गुन्हे त्यांना माफ होते.

मग दिवस पालटले. नव्वदीच्या सुरुवातीला गल्लोगल्ली एस.टी.डी.चे पिवळे बोर्ड लागले. काचेच्या खोक्यात उभं राहून माणूस स्वतःच नंबर फिरवून थेट लातूरला बोलायला लागला. एक्स्चेंजमधल्या वायरी लोंबकळत राहिल्या. पोरी बोर्डासमोर बसून मटार सोलायच्या, स्वेटर विणायच्या, मोगऱ्याचे गजरे करायच्या. एक दिवस मावशीची बदली बिलांच्या तक्रारींच्या टेबलावर झाली. तिथे लोक बोलायचे नाहीत, फॉर्म भरून द्यायचे. त्या संध्याकाळी ती घरी आली, पायरीवर बसली आणि आईला म्हणाली, "ताई, आज दिवसभरात मी एक दाढ ऐकली नाही गं." आई हसली. मावशी हसली नाही.

त्याच वर्षी मी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत आपटले होते आणि दुसऱ्यांदा बसत होते. मला डॉक्टर व्हायचंय असं आईचं मत होतं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी मावशी माझं प्राणिशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन मला प्रश्न विचारायची. महिनाभरात चित्र असं झालं, की प्रश्नही तीच विचारायची आणि उत्तरंही तीच द्यायची. मी फक्त पानं उलटायला होते. डोक्यातून निघणाऱ्या नसा माझ्या कधी लक्षात राहिल्या नाहीत. तिने त्या एका दुपारी बसवल्या. "पाचवी नस म्हणजे मेन लाइन. तिच्या तीन ब्रांचेस. एक डोळ्याकडे, एक वरच्या जबड्याला, एक खालच्या. दात दुखला की कॉल याच लाइनने मेंदूला लागतो. आणि लगेच लागतो बघ, बुकिंग नाही!" असं म्हणून ती स्वतःच थक्क होऊन बसली.

दातांच्या कॉलेजालाही हीच परीक्षा होती. एके दिवशी तिचं माहितीपत्रक चाळता चाळता मावशी थांबली. "वय सतरा वर्षं पूर्ण असावं, असं लिहिलंय."

"हो."

"ही खालची अट झाली. वरची कुठे आहे?"

मी शोधलं. उलट्या बाजूला पाहिलं. तळटीपा पाहिल्या. वरची अट नव्हती. "छापायची राहिली असेल, मावशी."

"राहिली असेल तर ती त्यांची चूक," ती म्हणाली. "आपण कशाला सुधारायची?"

बारावीला तिनेही जीवशास्त्रच घेतलं होतं. पिवळी पडलेली गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशी सापडली. फॉर्म द्यायला आम्ही दोघी गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म पाहिला, मावशीकडे पाहिलं आणि तेलुगूत विचारलं, "पाप एक्कडम्मा?" तेलुगूत पाप म्हणजे लहान मुलगी, मुलगी कुठे आहे, असं त्यांना विचारायचं होतं. मावशी म्हणाली, "नेने." मीच. त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शिक्का उचलून असा मारला की टेबल हादरलं. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "मराठीत विचारलं असतं तरी उत्तर तेच होतं. घरात जाऊन विचार, पाप कोण आहे ते."

घरात खरंच तेच झालं. आजोबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "चौतिसाव्या वर्षी पोराटोरांबरोबर बेडकं फाडणार? पेन्शनची वीस वर्षं भरायला पाचच उरली असताना? या घरात तोंडी काही मंजूर होत नाही. लेखी दे." गप्प बसवायची ही त्यांची जुनी युक्ती होती. मावशीने त्याच दुपारी फुलस्केप कागदावर समास सोडून अर्ज लिहिला: 'तीर्थरूप अप्पांचे सेवेसी, अर्ज करण्यास कारण की, अर्जदारास दातांची डॉक्टर होण्याची इच्छा असून सीट मिळाल्यास नोकरीचा राजीनामा देण्याची परवानगी असावी.' आजोबांनी अर्ज दोनदा वाचला, घडी केली, पंचांगाखाली ठेवला आणि म्हणाले, "विचाराधीन."

त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी थेट बोलणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही, फक्त निरोप. वर दोघंच राहत असल्यामुळे निरोप द्यायला तिसरं माणूस लागायचं. मग आजोबा जिन्यात येऊन मला हाक मारायचे, मी वर जायचे, आणि हातभर अंतरावर बसलेल्या मावशीकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "तिला सांग, आमटीत मीठ नाही." मी सांगायचे. मावशी म्हणायची, "त्यांना सांग, मीठ ताटात वाढलंय." मी तेही सांगायचे. अभ्यास बुडायचा तो माझा.

मावशी मात्र ड्यूटी सुटली की अफझलगंजच्या मोठ्या लायब्ररीत जाऊन बसायची. तिथे रोज पेपर वाचायला येणारे म्हातारे होते. उर्दूवाल्यांचं टेबल वेगळं, तेलुगूवाल्यांचं वेगळं. पंधरा दिवसांत दोन्ही टेबलांचे दात तिला पाठ झाले. त्यातले एक निवृत्त मास्तर तिला रसायनशास्त्र समजावून सांगायचे. बदल्यात तिने त्यांना पान सोडायला लावलं. ते म्हणायचे, "बेटी, तू पास हुई तो मैं फिर शुरू करूँगा."

परीक्षेच्या दिवशी वर्गावरच्या मॅडमनी तिला दारात अडवलं. "पेरेंट्सनी बाहेर थांबायचं." मावशी म्हणाली, "माझे पेरेंट घरीच थांबलेत," आणि आत जाऊन नंबर शोधून बसली. मी तिच्या मागे दोन ओळी सोडून होते. माझ्या पेपरातलं मला फारसं आठवत नाही, तिची पाठ आठवते. एक्स्चेंजच्या स्टुलावर बसावी तशी ती ताठ बसली होती आणि पहिल्या प्रश्नाला तिचं पेन चालायला लागलं ते शेवटच्या घंटेपर्यंत थांबलं नाही.

निकाल लागला. ती माझ्यापेक्षा कितीतरी वर होती. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला नाही. मी गच्चीवर जाऊन रडले. माझी पुस्तकं, माझे क्लास, माझ्या नोट्स, आणि सीट हिला! मावशी वर आली आणि शेजारी बसली. मग म्हणाली, "एक विचारू? तुला हे हवं होतं का?" मी विचार केला आणि पहिल्यांदाच खरं सांगितलं. "नाही." "मग रडतेस कशाला?" "हरले म्हणून." "तेवढ्याचंच रड मग," ती म्हणाली. "बाकीचं उगीच नको." पुढे मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि फार सुखी झाले, पण ते नंतर.

सीट देण्याच्या दिवशी टेबलामागे तीन साहेब बसले होते. मधल्याने तिचे कागद उलटसुलट केले आणि विचारलं, "मॅडम, एवढी पक्की नोकरी आहे, पाच वर्षं शिकून काय मिळवणार?" बोलताना त्यांचा डावा गाल आत ओढला जात होता, ते मलासुद्धा दिसलं. मनात म्हटलं, आता ही सांगणार, डावीकडची वरची, आणि गेली सीट. मावशी शांतपणे म्हणाली, "सर, लोक मला पंधरा वर्षं नुसतं सांगत आलेत. मला त्यावर काहीतरी करता यावं, एवढंच." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, शेजाऱ्याच्या कानात काही विचारलं, आणि सही केली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "त्यांचा गाल...?" मावशी म्हणाली, "भयंकर आहे गं! पण सही होईपर्यंत मी बहिरी होते."

राजीनामा द्यायच्या सकाळी तिच्या डब्याखाली घडी केलेला फुलस्केप सापडला. तिच्याच अर्जाच्या समासात आजोबांनी लाल शाईने शेरा मारला होता: 'मंजूर. अर्जदाराने हीच विनंती पंधरा वर्षांपूर्वी तोंडी केली होती. तेव्हा नोकरीचा हुकूम आलेला असल्याने सुनावणी झाली नाही.' खाली सही आणि तारीख. ही गोष्ट मला माहीत नव्हती. आईला होती. तिने कागद वाचला आणि पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली. मावशीने कागदाची घडी पुन्हा तशीच घातली आणि ती कामावर गेली, शेवटची. शेरा मारून झाल्यावरही आजोबा तिच्याशी बोलले नाहीतच. लाल शाईने जेवढं म्हणता येतं तेवढं त्यांनी म्हणून टाकलं होतं; तोंडाने म्हणणं त्यांना जमेना.

कॉलेजात रॅगिंग करायला आलेल्या सीनियर मुलांनी तिला पाहून सवयीने "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं आणि मग फार उशीर झाला होता. आठवड्याभरात ती सगळ्यांची अक्का झाली. ती मेणाचे दात कोरायची. आमच्या घरातल्या प्रत्येक खिडकीत दाढा वाळत असायच्या. पहिल्या वर्षी शरीररचनेत नापास झाली, तेव्हा दोन दिवस खाली आली नाही. नोकरी गेली होती आणि हाती एक लाल रेघ आली होती. त्या दोन्ही रात्री आजोबांच्या येरझाऱ्या आम्हांला खाली ऐकू येत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं आणि म्हणाले, "तिला सांग, मी कारकुनाची परीक्षा दोनदा दिलेली आहे. ही गोष्ट घरात कुणाला ठाऊक नाही." मी सांगितलं. मावशी उठली, तोंड धुतलं आणि पुस्तक उघडलं.

त्या वर्षांत आजोबांचे उरलेसुरले दात एकेक करून गेले. आई म्हणायची, "अप्पा, कवळी करून घ्या." आजोबा म्हणायचे, "मोहलत आहे." दूधभात, सांजा, ताकातल्या कण्या यांवर त्यांनी दोन वर्षं काढली. कशाची वाट बघताय, असं विचारलं तर रागवायचे. मावशी शेवटच्या वर्षाला पोचली आणि एकदा जेवताना आईला म्हणाली, "पूर्ण कवळी बसवायचं प्रॅक्टिकल आलंय. पेशंट आपला आपण आणायचा असतो. कुठून आणू?" दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा लांब कोट, काळी टोपी घालून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. मला म्हणाले, "तिला सांग, पेशंट हजर आहे."

कॉलेजच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या. मापं झाली, साचे झाले, मेणाची कवळी झाली, घासून झाली. प्रत्येक वेळी टोपी धरायला मी. शेवटच्या दिवशी मावशीने खरी कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि आरसा दिला. आजोबांनी आरशात पाहिलं नाही.

"अप्पा, टोचतंय कुठे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"असं नाही कळत. बोलून दाखवावं लागतं."

आजोबांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "तिला सांगून चालायचं नाही. कवळी तुमच्या तोंडात आहे."

पलीकडच्या खुर्च्यांवर मुलंमुली कामात होती, कुठेतरी पाण्याची चूळ भरल्याचा आवाज आला. आजोबांनी समोरच्या भिंतीकडे नजर लावली. मग त्यांनी ओठ हलवून पाहिले आणि नव्या दातांतून अडखळत शब्द यायला लागले. "तो... नोकरीचा कागद आला... तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस. मला वाटलं, तू खूश होशील. मी... विचारलं नाही तुला. साधं विचारलं नाही."

मावशी खाली वाकून त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. ती म्हणाली, "'स' अजून नीट येत नाहीये." तिने हनुवटी धरून त्यांचं तोंड थोडं वर केलं. "अजून बोला, अप्पा."

आणि ते बोलले. तिने चार वेळा कवळी काढली, चार वेळा घासली, चार वेळा बसवली, आणि दर वेळी ते जिथे थांबले होते तिथून पुढे बोलायला लागले. तिच्या सरांनी येऊन तपासलं, वहीवर सही केली आणि ते पुढे गेले, तरी आजोबा बोलतच होते.

परतीच्या बसमध्ये ती दोघं माझ्या पुढच्या बाकावर बसली. आजोबांची टोपी माझ्याच मांडीवर राहिली होती. इंजिनाच्या घरघरीत मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. फक्त आजोबांचं पांढरं डोकं तिच्या बाजूला कललेलं दिसत होतं आणि मध्येच मावशीचे खांदे हसल्यासारखे हलत होते. आज दोघांपैकी आजोबा नाहीत, मावशीचे केस पांढरे झालेत, आणि तो दिवस आठवला की मला आधी त्या बसचा पुढचा बाक आठवतो. जामबागचा थांबा आला. कंडक्टर ओरडला. दोघांपैकी कुणीही उठलं नाही. मी उठले होते, ती परत खाली बसले, आणि थांबा मागे जाऊ दिला.